डबल ड्यूटीवरचा 'ला'

वॉर्डात सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. वय बेचाळीस, पायात रबरी चपला, आणि खिशात थर्मामीटरशेजारी घडी घातलेला कागद: नामाआधी लागणारे जर्मन शब्द, डेअर, डी, डास. जर्मनची पहिल्या पायरीची परीक्षा एकदा हुकली होती, तीही तीन गुणांनी. शनिवारी शेवटची संधी. पास झाली तरच जर्मनीतल्या वृद्धाश्रमाच्या प्रशिक्षणात नाव लागणार, नाहीतर यादी बंद. नवऱ्याने एकदाच विचारलं होतं, इथं काय वाईट चाललंय? तिचा चेहरा बघून मग तो निमूट स्वयंपाकाला लागला.

घोडं पेंड खात होतं ते विभक्तीपाशी.

दुपारची औषधांची फेरी संपली की ती कोपऱ्यातल्या खाटेशी स्टूल ओढून बसायची. तिथे पाय टांगून एक निवृत्त मास्तर पडले होते. तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेलं. जर्मनचं अक्षर ठाऊक नाही, पण कुणाची चूक कानावर पडली की त्यांचा पाय दुखायचा थांबायचा.

गुरुवारी तिने वाक्य म्हणून दाखवलं, "इश गेबं डेन मान डेअर टाब्लेटं." म्हणायचं होतं, मी माणसाला गोळी देते. पण फोनवर शिकवणारी मुलगी कालच हसली होती: ताई, तुम्ही तर गोळीला माणूस दिलात.

"मग मला आज गोळी नको," मास्तर म्हणाले.

तिला हसू आलं नाही. "अहो, मी माणसाला उचलते, तिथे डेन मान चालतं. माणसाला गोळी देते, तिथे म्हणे डेम मान. माणूस तोच, 'ला' तोच. मी करू तरी काय?"

मास्तरांनी दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणायला लावली, डोळे मिटून ऐकली.

"आपला 'ला' डबल ड्यूटी करतो हो. द्वितीयेलाही तोच, चतुर्थीलाही तोच. तिकडे दोन पाळ्यांना दोन माणसं लावलीत."

ड्यूटी म्हटल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. उचलते तेव्हा माणूसच माझ्या हातात. देते तेव्हा हातात गोळी, माणूस नुसता घेणारा. म्हणजे आधी हातात काय आहे ते बघायचं. मास्तर म्हणाले, हेच मी तीस वर्षं कर्म आणि संप्रदान म्हणून घोकून घेतलं, एका पोराला कळलं असेल तर शपथ.

शनिवारी परीक्षक बाईंनी कामाविषयी विचारलं, आणि मग सहज, "वेम हेल्फन झी?" तुम्ही कोणाला मदत करता?

पुन्हा 'ला'. पण कोणता? मदत करताना माणूस हातात असतो की नसतो? मदत देतो आपण, हातात ती असते. माणूस घेतो.

"डेम मान," ती म्हणाली. बाईंची मान हलली. मग तिला थांबवेना. "डेअर फ्राउ. डेम किंड." बाईला. लेकराला.

निकाल संध्याकाळी हातात पडला. पास, दोन गुण वर. घरी येऊन तिने कागद ओट्यावर ठेवला. नवऱ्याने हात पुसले, कागद दोनदा वाचला, तिच्याकडे न बघता विचारलं, "थंडी किती असते गं तिकडे?"