गादीवाल्यांची उशी

गादीवाल्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, क्लबच्या पावत्यांवर होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. गाद्यांचं दुकान म्हणून ते गादीवाले, आणि फुटबॉल क्लबच्या अध्यक्षपदाची गादी वर्षानुवर्षं सोडत नाहीत म्हणूनही गादीवाले. हा विनोद पहिल्यांदा त्यांच्या बायकोने केला आणि मग गावभर झाला. त्यांना स्वतःला त्याचं काही वाटत नसे. एकाच शब्दात धंदाही आला आणि मानही आला, स्वस्तात पडलं, असं ते म्हणत.

क्लब काही फार मोठा नव्हता. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, बाकी तीन बाजूंना तारेचं कुंपण, पायऱ्यांखाली कपडे बदलायची खोली आणि तिला लागून कोचची खोली, जिच्यात टेबल सरकवलं की खुर्ची दारात यायची. पण सुट्टीच्या दिवशी सामना असला की अर्धं गाव पायऱ्यांवर असायचं, आणि त्या अर्ध्या गावातल्या प्रत्येकाला क्लब कसा चालवावा हे गादीवाल्यांपेक्षा जास्त कळायचं. फुकटचा सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

सुरुवातीला गादीवाल्यांनीही हौसेपायी पैसा पाण्यासारखा घालवला. सामना हरला की खेळाडू विकत घ्यायचा. पुन्हा हरला की कोच बदलायचा. नव्या कोचला जुने खेळाडू पसंत पडायचे नाहीत, की परत नवे खेळाडू. "कोच म्हणजे भाडेकरू हो," बायको म्हणायची. "आला की आधीच्याचे खिळे उपटणार आणि स्वतःची भोकं पाडणार. भिंत आपली." घरामागची रिकामी जागा एका गोल मारणाऱ्या खेळाडूपायी गेली, आणि तो खेळाडू गुडघा धरून हंगामभर पायऱ्यांवर बसून राहिला, तेव्हा कुठे गादीवाले शहाणे झाले. हरल्याच्या आठवड्यात कुठल्याही कागदावर सही करायची नाही, असा त्यांनी नियम केला आणि तो पाळला.

कोचला काढायचं कसं, याचा नियम मात्र त्यांना कधीच सापडला नाही. पहिल्या कोचला काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याला दुकानात बोलावलं, हवापाण्याचं बोलले, गुडघेदुखीचं बोलले, कापसाच्या भावाचं बोलले, आणि शेवटी कसंबसं सांगून टाकलं. माणूस लांबून आलेला, एकटा राहणारा. तो उठला तेव्हा त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून गादीवाल्यांनी फळीवरची एक चांगली उशी काढून त्याच्या हातात दिली. "प्रवासात होईल," म्हणाले. त्या माणसाला हसावं की रडावं कळेना. पुढे ती पद्धतच पडली. दुसऱ्याला दिली, तिसऱ्याला दिली. देताना गादीवाल्यांचेच डोळे भरून यायचे, आणि काढलेला कोच त्यांची समजूत घालून, उशी काखोटीला मारून निघून जायचा.

गावाला एवढं पुरे झालं. कोचला काढलं असं म्हणायचं लोकांनी सोडूनच दिलं. "त्याला उशी मिळाली" म्हणू लागले. मग तो शब्द मैदानाबाहेरही पडला. बँकेतल्या कारकुनाची बदली झाली, उशी मिळाली. ठरलेलं लग्न मोडलं, पोराला उशी मिळाली. लहान पोरंसुद्धा खेळताना एखाद्याला बाद केलं की दोन्ही हात पुढे करून उशी दिल्याचं सोंग करायची. हा शब्द गावात एकाच माणसाला माहीत नव्हता. गादीवाले आले की लोक जीभ आवरत. इतक्या मनापासून देणाऱ्या माणसाला हे सांगायचं कोणी? बायकोला सगळं ठाऊक होतं, पण तिनेही कधी तोंड उघडलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पाचवा की सहावा कोच गेल्यावर गादीवाल्यांनी जी नेमणूक केली, तिच्यावर मात्र गाव उघडपणे बोललं. त्यांनी जावयाला आणलं. जावई लांबच्या एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवायचा, आणि फार छान शिकवायचा. पण खरं सांगायचं तर गादीवाल्यांनी नेमणुकीच्या कागदावर सही केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे फुटबॉल अर्धाच होता. उरलेल्या अर्ध्यात मुलगी होती आणि नात होती. जावई भिडस्त. सासऱ्याने शब्द टाकला, याने झेलला. मैदानावर तो सासऱ्यांना न चुकता "साहेब" म्हणे आणि घरी "बाबा".

नात रोज शाळा सुटल्यावर दुकानात यायची. गाद्यांच्या थप्पीवर चढायची आणि खालच्या ढिगावर उडी मारायची. दुकानात गादीवर पाय ठेवलेला गादीवाल्यांना कधी खपला नव्हता, गिऱ्हाइकाच्या पोराचाही नाही. आता तेच खाली गादी नीट सरकवून द्यायचे. या एका तासासाठी ते सकाळपासून दुकान चालवतात, असं बायको म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

संघ मात्र हरत होता. पोरांना शाबासकी देऊन वळवता येतं, पण मिशीवाले गडी शाबासकी खिशात घालून दुसऱ्या दिवशी उशिरा येतात. जावयाला ओरडता यायचं नाही. पायऱ्यांवर कुजबुज वाढली. क्लबचे खजिनदार, ज्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, एकदा म्हणालेच, "अहो, दुसरा कोणी असता तर त्याला एव्हाना..." आणि तिथेच थांबले.

"एव्हाना काय?"

"काही नाही. खोकल्याचं औषध संपलंय, ते सांगायचं होतं," खजिनदार म्हणाले आणि सटकले.

गादीवाल्यांना कळत नव्हतं असं नाही. अध्यक्ष म्हणून काय करायला हवं ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण जावयाला काढलं तर मुलीचं बिऱ्हाड उठणार, नात जाणार, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. म्हणून ते रोज सकाळी ठरवत, हा एक सामना जाऊ दे.

अशात एकदा मुलगी आईकडे आली आणि स्वयंपाकघरात बोलता बोलता म्हणाली, "याची मान धरलीय गं. रात्रभर नुसता कुशी बदलत असतो. झोप म्हणून नाही." बाहेरच्या खोलीत गादीवाले बसले होते. त्यांच्या कानावर ते पडलं आणि सगळा क्लब डोक्यातून गेला. मान धरली? अरे, मग आपण जिवंत कशाला आहोत?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारागिराला हात लावू दिला नाही. कापूस स्वतः निवडला, मानेला आधार मिळेल असा कडेला जास्त, मधे कमी भरला, खोळ स्वतः शिवली. आणि बायकोला न सांगता उशी घेऊन मैदानावर गेले. खेळाडू मैदानाला फेऱ्या मारत होते, जावई पलीकडच्या टोकाला होता. गादीवाल्यांनी उशी कोचच्या खुर्चीवर ठेवली, वरून हात फिरवला आणि खुशीत दुकानात परतले. त्या वेळी ते अध्यक्ष नव्हते, सासरे होते. म्हणूनच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला बसले तोच खजिनदारांचा फोन आला. "मानलं तुम्हाला," खजिनदार म्हणाले. "घरच्या माणसालाही उशी दिलीत."

"त्याची मान धरली होती."

"वा, हे झकास," खजिनदार खो खो हसले. "आता उशीर नको. एक मोठा कोच माझ्या नजरेत आहे. पैसे जरा जास्त मागतो, पण..."

"हरल्याच्या आठवड्यात मी सही करत नाही," गादीवाले सवयीने म्हणाले आणि फोन ठेवून बायकोकडे वळले. "उशी दिली, त्यात मानायचं काय? आणि हा हसतो का?"

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. "तुम्ही कोणाला दिलीत उशी?"

मग तिने सगळं सांगितलं. बँकेतला कारकून, मोडलेलं लग्न, पोरांचं सोंग, सगळं. गादीवाले ताटाकडे बघत ऐकत राहिले. इतकी वर्षं आपण दुःखावर फुंकर घालतोय असं त्यांना वाटत होतं, आणि गावाला ती थट्टा वाटत होती.

"मला कधी बोलली का नाहीस?"

"देताना तुमचा चेहरा बघायचे ना मी," बायको म्हणाली. "तुम्ही बंद केलं असतंत. मला ते नको होतं."

गादीवाल्यांनी घास ताटातच टाकला आणि चपला घातल्या.

वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं. उशी मानेसाठी होती, तुम्हाला कोणी काढलेलं नाही, इथेच राहा. तीन तुकडे, सोपे. मैदानावर जावई एकटाच खुणेचे शंकू गोळा करत होता आणि चक्क शीळ घालत होता. तो शीळ घालतो हे गादीवाल्यांना माहीतच नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला आणि थांबला. "बाबाच म्हणतो आता. साहेबपण संपलं."

"अहो, ते उशीचं..."

"मला आधी बोलू द्या, नाहीतर राहून जाईल. तुम्ही काढलंत ते फार बरं केलंत. मला स्वतःहून सोडवलं नसतं. माझ्यापायी गाव तुम्हाला नाही नाही ते बोलतं आणि तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. अशा माणसाला टाकून जायचं कसं?" त्याने शंकू खाली ठेवले. "शाळेने परत बोलावलंय. पोरं रोज विचारतात म्हणे. मी दोनदा नाही म्हणून कळवलं. काल खुर्चीवर उशी बघितली तेव्हा आधी वाईट वाटलं. मग तिथेच बसलो आणि हसूच फुटलं. रात्री तीच डोक्याखाली घेतली. सकाळी हिने हलवून उठवलं मला."

"आणि मान?" गादीवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मान?" जावयाने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "अरे, विसरलोच की."

गादीवाल्यांना आनंद झाला आणि त्याच क्षणी नात डोळ्यांपुढे आली. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. पण समोर हा माणूस दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा हसत होता. "ऊन फार आहे, टोपी घाला," एवढंच म्हणून ते परत फिरले. मनाची समजूत घातली की संध्याकाळी सांगू, अजून वेळ गेलेली नाही.

संध्याकाळी नात आली, आणि आज तिच्याबरोबर मुलगीही आली. नात थप्पीवर चढली. मुलगी वडिलांजवळ येऊन बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, ती उशी मी नीट बघितली. मधे खळगा आहे तिला. मानेसाठी भरतात तशी भरलीय. गादीवाल्याची मुलगी आहे मी."

गादीवाले सुईत दोरा ओवत होते. तो ओवला जाईना.

"याला मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "ती मानेसाठी होती असं कळलं तर हा जायचा नाही. तुम्ही नुसतं थांबा म्हणालात तरी थांबेल, शाळेला तिसऱ्यांदा नाही म्हणेल, आणि परत कुशी बदलत पडेल. म्हणून आधी तुम्हालाच विचारते. काढलंत ना त्याला? की ती मानेसाठी होती?"

पलीकडे नात उडी मारायच्या बेतात उभी होती आणि आजोबा बघतात की नाही याची वाट पाहत होती. गादीवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. ती धपकन गादीवर पडली, उठली, पुन्हा थप्पी चढू लागली. तिला इथून जाऊ द्यायचं नव्हतं. असं काही हवं असणं या वयात शोभत नाही, पण त्यांना ते हवं होतं. आणि त्यासाठी एक शब्द पुरेसा होता, तोही खरा.

"काढलं," ते म्हणाले. "संघ हरत होता. अध्यक्षाला जावई नसतो."

मुलीने विचारलं, "आणि तो खळगा?"

"हात चुकला माझा," गादीवाले म्हणाले. "वय झालं आता."

मुलीने त्यांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवून दिला, आणि बराच वेळ तो हात तसाच धरून बसली.