पोथीला लागणारा हूं

किस्से आठवावे लागतात असं जे म्हणतात, त्यांच्या घरी पोथी नसावी. आमच्याकडे रोज दिवेलागणीला एक नवा तयार होतो. मी तो टपरीवर नेऊन सांगतो, मित्र हसतात. मी हसत नाही, कारण मला परत त्याच घरी जायचं असतं.

बाळापूरजवळ आमची झेंडू-शेवंतीची वाडी. संध्याकाळी बाबा पोथी वाचतात, आम्ही मांडी घालून बसतो, आणि ओवी संपली की आई ‘हूं’ म्हणते. हुंकाराशिवाय वाचलेलं देवाला पोचत नाही, हा बाबांचा कायदा.

*

आईचे दोन्ही कान कधीपासून वाहत होते. अमरावतीचं कॉलेज सोडून घरी आलो, तेव्हा मला ते दिसलं.

‘बाबा, आईले अकोल्याले डॉक्टरकडे नेतो.’

‘पारायण मधात तोडता येत नाही. हुंकार कोण देईन?’

‘मी देतो.’

‘कॉलेज सोडलेल्याचा हूं देवाले चालत नाही!’

*

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दुसऱ्या ओवीला त्यांची मान पडते, चौथीला घोरणं सुरू. घरात याला ‘समाधी’ म्हणायचं! आरतीची घंटा वाजली की दचकून उठतात, ‘वा! काय निरूपण केलं आज!’ बाबा नुसतं वाचतात. निरूपण त्यांनी जन्मात केलेलं नाही.

आईच्या कानाचं त्यांनाही सांगून पाहिलं. म्हणाले, ‘पोथी कानात पडली की औषध लागत नाही बे.’

ज्याच्या कानात स्वतःच्या घोरण्याशिवाय काही पडत नाही, तो डॉक्टर!

*

एकदा तेलकट बोटांनी दोन पानं चिकटली. अलीकडच्या पानावर राजाचं प्रेत चितेवर ठेवलेलं. बाबांनी पान उलटलं, तर राजा पंगतीत बसून जेवतोय!

आई म्हणाली, ‘हूं.’

‘बाबा, राजा तं मेला होता ना!’

‘देवाच्या राज्यात कोणी मरत नाही!’

मोठेबाबांनी झोपेतच हात जोडले.

*

एका शब्दाचा अर्थ विचारला. बाबांनी पोथीला नमस्कार केला, माझ्या थोबाडीत दिली, पुन्हा पोथीला नमस्कार केला. मग म्हणाले, ‘अर्थ समजला असता तं रोज कायले वाचली असती?’

आयुष्यात ते एवढं खरं एकदाच बोलले.

*

शेवटी पारायण संपलं आणि बाबा स्वतः आईला घेऊन अकोल्याला निघाले. बसमध्ये खिडकीची जागा त्यांनीच घेतली. मी मागे उभा.

डॉक्टरांनी आईचे कान तपासले, मशीन लावून पाहिलं. आईला काही विचारलं, ती नुसती बघत राहिली. तेव्हा त्यांनी कागदावर लिहून तिच्यापुढे धरलं: ऐकू येणं कधी बंद झालं?

आईनं सावकाश वाचलं. ‘मागच्या पोळ्यालेच,’ म्हणाली.

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. ‘घरात कोणालाच कळलं नाही?’

मी भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचू लागलो.

बाबा ताडकन उठले. ‘खोटं हाय डॉक्टरसाहेब! रोज पोथी आयकते हे! एक ओवी चुकली नाही! इचारा तिलेच!’

आई त्यांच्या ओठांकडे बघत होती. ओठ थांबले.

‘हूं,’ आई म्हणाली.