फ्रेंच सेनापतीला गणपतीचे डोळे
दुबईत उभ्या राहणाऱ्या एका टॉवरला सतराव्या शतकातल्या फ्रेंच सेनापतीचं नाव द्यायचं ठरलं आणि त्याचं चरित्र लिहायचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या इंटिरियर कंपनीत ब्रोशर, कामगारांचे व्हिसा, त्यांच्या पासपोर्टचं कपाट, सगळं माझ्याकडेच. वाचत गेलो तशा त्याला मनातल्या मनात शिव्या घालत गेलो. बड्या घराण्यातला, राजाचा लाडका. लढाया जिंकल्या आणि राजाच्या हुकमावरून शेजारच्या मुलखातली गावंच्या गावं जाळली. मेल्यावर पुरला कुठे, तर राजांच्या शेजारी! मी जाळपोळ लिहिली. बॉस म्हणाला, "हबीबी, फ्लॅट विकायचेत. ते काढ. खलास." काढली.

लॉबीसाठी सेनापतीचा फायबरचा पुतळा आमच्या शेडमध्ये करत होता कोकणातला एक मूर्तिकार. गावी गणपती करणारा. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, आणि माणूस कसा होता ते कळल्याशिवाय गडी ब्रशला हात लावायचा नाही. त्यानं मला विचारलं. मी निर्लज्जासारखं ब्रोशर वाचून दाखवलं. आणि त्या भल्या माणसानं त्या कसायाला गणपतीचे मायाळू डोळे काढले. बॉस जाम खूश.

दुसऱ्याच दिवशी मूर्तिकार ऑफिसात आला. आई अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. "साहेब, पासपोर्ट द्या. तिचं तोंड बघून येतो."

बॉस म्हणाला, "क्लायंट पुतळा पास करेपर्यंत कुणालाही सोडायचं नाही." कपाटाची चावी माझ्या खिशात. मी मूर्तिकाराला सांगितलं, "उद्या, इन्शाल्ला." असे चार 'उद्या' सांगितले. त्या सेनापतीला मनातल्या मनात शिव्या घालणारा मी! थू माझ्या जिंदगानीवर.

पाचव्या दिवशी सकाळी फॅक्स आला. मंदीमुळे टॉवरच रद्द. पुतळा शेडमागे फेकून दिला. बॉस म्हणाला, "यल्ला, आता सगळ्यांना घरी पाठव." मी धावत पासपोर्ट घेऊन खाली गेलो. मूर्तिकार पायरीवर बसला होता. आई पहाटेच गेली होती.

पासपोर्ट हातात घेऊन तो उठून उभा राहिला. वर मलाच समजावायला लागला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, साहेब. तुमच्या हातात असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी दिला असता."

मी म्हणालो, "हो ना रे."