सतरंजीवाले आणि सरांचं स्टूल

पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्याकडे दोन वह्या असतात. एका वहीतलं प्रबंधात जातं. दुसऱ्या वहीतलं कुठेच जात नाही, ते कँटीनमध्ये चहाबरोबर संपवावं लागतं. माझी दुसरी वही पहिलीच्या दुप्पट जाड झाली! समाजशास्त्रात छोट्या, नव्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या पंथांचा अभ्यास करणारी एक शाखा आहे. आमच्या अमरावतीच्या विभागात ही शाखा म्हणजे एकूण दोन माणसं: माझे गाइड इंगळे सर आणि मी. शिवाय सरांचं घडीचं स्टूल. त्याचं पुढे येईलच.

पहिला किस्सा घरातच झाला. माझी अकोल्याची आत्या विषय ऐकून खूश. "धर्मात पीएच.डी. करून राहिली? बरं झालं बाप्पा! आमच्या वास्तूले तूच ये पूजा सांगाले. तो भटजी लय घाई करते."

मी म्हटलं, "आत्या, मी पूजा सांगत नाही गं. पूजा करणाऱ्यांचा अभ्यास करते."

"म्हंजे त्यायच्या चुका काढतं?"

"नाही!"

आत्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग तुले नोकरी कोन देईन?"

हा प्रश्न मला नंतर मुलाखतीच्या प्रत्येक कमिटीनं विचारला, फक्त इतक्या मायेनं नाही.

* * *

आम्ही ज्यांचा अभ्यास करत होतो ते तेल्हाऱ्याच्या पुढे एका गावात राहतात. त्यांच्या पंथाला नावच नाही. गावातले लोक त्यांना सतरंजीवाले म्हणतात, कारण त्यांच्याकडे देव, फोटो, पोथी यातलं काही नाही, एक निळ्या पट्ट्यांची सतरंजी तेवढी आहे. दर मंगळवारी सकाळी ती अंगणात अंथरतात. प्रत्येकानं मूठभर कापूस घ्यायचा आणि न बोलता त्यातली सरकी एकेक करून हातानं काढायची. सगळ्यांची मूठ साफ झाली की बैठक संपली. तो कापूस साठवतात आणि गावात कुणाकडेही मूल जन्मलं की त्याची उशी करून देतात. घर कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, हे कुणी विचारत नाही.

नियम दोनच. एक, बैठकीला निदान पाच माणसं पाहिजेत. पाच झाले नाहीत तर बैठक मोडली, आणि एकदा मोडली की कायमची. सतरंजीची घडी घालायची आणि पुन्हा उलगडायची नाही. पहिल्या बसणाऱ्यापासून आजवर एकही मंगळवार चुकलेला नाही.

दुसरा नियम आम्हाला पहिल्याच दिवशी कळला. सरांनी बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बैठकीला कोण कोण बसतं?"

समोर गोदामाय होत्या. सतरंजी त्यांच्या घरी असते. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज बैल हाकणाऱ्यासारखा. त्या म्हणाल्या, "कोन बसलं थे आमी सांगत नाई. किती बसले थे सांगतो."

"अहो, पण नावं पाहिजेत."

"कायले?"

"अभ्यासाला."

"किती बसले त्याचा करा ना अभ्यास!"

शेजारी नारायणभाऊ होते. त्यांची तिथे जवळच पाच एकर कपाशी. त्यांनी समजावून सांगितलं की नावं सांगितली तर जो आला नाही त्याला गाव टोकतं, आणि जो आला त्याला त्याची जात टोकते. म्हणून कुणीच कुणाचं नाव सांगायचं नाही. सर दोन तास उन्हात प्रयत्न करत राहिले. परतताना अकोटच्या स्टँडवर घाम पुसत म्हणाले, "नावं नाहीत, वयं नाहीत, जाती नाहीत. याला डेटा म्हणतात? हे काय सॅम्पल आहे की सस्पेन्स?"

* * *

आता स्टूल.

इंगळे सरांचं एक तत्त्व होतं. ते तत्त्व ते पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला सांगत आणि मग वर्षभर सांगत. "निरीक्षक काठावर असतो! तो आत गेला की तो निरीक्षक राहत नाही, भक्त होतो. आणि भक्ताचा प्रबंध युनिव्हर्सिटी स्वीकारत नाही." हे सगळं स्वच्छ पुस्तकी मराठीत. सर मूळचे कुठले हे विभागात कुणाला माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "अमरावतीचा."

तर काठावर राहायचं म्हणून सर प्रत्येक फील्डवर्कला घडीचं स्टूल घेऊन जात. एसटीत ते मांडीवर. गावात गेलं की सतरंजीच्या किनारीपासून बरोबर दोन हात दूर मांडायचं, त्यावर ताठ बसायचं, वही उघडायची. मला स्टूल नव्हतं, मी भिंतीला टेकून उभी.

सहा महिने हे चाललं. एका मंगळवारी बैठक संपल्यावर गोदामायनी सरांना अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, एक विचारू का? तुमच्या पंथात सतरंजीवर बसाले मनाई हाय का?"

सर म्हणाले, "अहो, आमचा पंथ वगैरे नाही. ही एक पद्धत आहे."

"हौ?" गोदामाय म्हणाल्या. "आमची बी पद्धतच हाय."

त्या दिवशी सरांनी वहीत काही लिहिलं नाही. मी लिहिलं, दुसऱ्या वहीत!

* * *

मग अकोल्याला सेमिनार झाला. सरांनी हौसेनं नारायणभाऊंना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. भाऊ धुवट धोतर नेसून आले, पहिल्या रांगेत बसले. पुण्याहून आलेल्या एका विद्वानांनी सतरंजीवाल्यांवर पाऊण तास पेपर वाचला. कापूस म्हणजे जीव, सरकी म्हणजे वासना, आणि बोटं म्हणजे साधना. टाळ्या पडल्या. मग संयोजकांनी माइक भाऊंकडे दिला. "आपण काही सांगाल?"

भाऊ उठले. "सायेब लय चांगलं बोलले. मले अर्ध समजलं नाई, पन चांगलं बोलले." मग घसा खाकरला. "सरकी म्हंजे सरकी जी. थे आमी ढोराईले चारतो."

सभागृह हसलं. संयोजक घाईघाईनं पाहुण्या विद्वानांकडे वळून म्हणाले, "माफ करा सर, यांची भाषा जरा रोखठोक आहे."

भाऊंना वाईट वाटलं. ते त्यांच्या परीनं अदबीनंच बोलले होते. जेवताना मला म्हणाले, "काहून माफी मांगली वो त्यानं? दूध चांगलं येते सरकीनं, हेबी सांगाचं राहून गेलं माह्यं."

* * *

पुढच्या वर्षी संमतीपत्राचं लचांड आलं. ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्या सह्या पाहिजेत, असा नवा नियम. आम्ही फॉर्म घेऊन गेलो. गोदामायनी फॉर्म उलटा, सुलटा पाहिला. "सही द्याले आमी काई चोरी केली का?"

मी समजावलं की हे तुमच्या रक्षणासाठी आहे. तुमची मर्जी नसताना आम्ही तुमच्याबद्दल लिहू नये म्हणून.

"मर्जी हाय का नाई थे कागद सांगते का? बरं, देतो सही. पन मंग तुमी बी द्या." त्यांनी टोपलीतून दोन मुठी कापूस काढला. "येवढी सरकी काढून द्या. थे तुमचं संमतीपत्र."

मी भिंतीपाशीच बसून काढली. पाऊण तास लागला, नखं दुखली, आणि गोदामायनी माझा कापूस पाहून "शाळा शिकलेली बोटं" एवढंच म्हटलं. सरांनी मात्र आपली मूठ हातात घेतली, थोडा वेळ अंगठ्यानं चाचपली आणि परत टोपलीत ठेवली. "माझी सही गृहीत धरा."

"आमच्यात गृहीत धरत नाई," गोदामाय म्हणाल्या. पण सह्या मिळाल्या. सह्या म्हणजे अंगठे, तेही नाव न सांगता!

* * *

मी काम सुरू केलं तेव्हा बैठकीला अकरा माणसं होती. मी तक्ता करत होते, दर मंगळवारची तारीख आणि आकडा. अकराचे नऊ झाले, दोघं मुलांकडे पुण्याला गेली. नवाचे सात. दोघी सुनांना मोबाइलवरचा सत्संग आवडला, तो घरबसल्या होतो. मग एक म्हातारे बाळापूरला लेकीकडे गेले ते तिथेच वारले. त्यानंतर आणखी एक. तक्ता देखणा दिसायला लागला. सर म्हणाले, "उतरता आलेख स्पष्ट आहे. पंथ कसा विझतो याची उत्तम केस आहे ही." मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता, प्रबंधाला शेवट मिळत होता.

पाच उरले.

त्या मंगळवारी गोदामाय मला आत चुलीपाशी घेऊन गेल्या. कच्च्या चिवड्याची वाटी पुढे सरकवली. "पोरी, तू हे सारं लिहून राहिली. तू लिहिलं म्हंजे हे राहीन का?"

मी कमिटीला देते तसंच उत्तर दिलं. "दस्तऐवज राहील, माय."

"त्या दस्तऐवजात मंगळवारी पाच मानसं येतेत का?"

मी चिवडा खात राहिले. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी मेल्यावर मोडू दे बाप्पा. माह्या हातानं घडी नोको घालाले लावू." मला फार लाज वाटली, तक्त्याची आणि त्या आनंदाचीही.

* * *

प्रबंध जमा करायला तीन आठवडे होते. शेवटची भेट म्हणून सर आणि मी पहाटेच्या गाडीनं निघालो, अकोटला गाडी बदलली, पोचलो तर सतरंजी अंथरलेली आणि तीनच माणसं बसलेली. चौथ्या गोदामाय. नारायणभाऊ आदल्या दिवशी विहिरीच्या काठावर घसरले होते, खुबा मोडला होता, त्यांना अकोल्याला दवाखान्यात भरती केलं होतं.

शेजारच्या शब्बीर टेलरच्या घरातून तान्ह्या पोराचं रडणं येत होतं, आठच दिवसांचं. त्याची उशी अर्धी भरून ओसरीत ठेवली होती.

"ऊन पायरीले लागेपावतर वाट पाहू," गोदामाय म्हणाल्या. "मंग घडी घालू."

ऊन पायरीपासून वीतभर लांब होतं. आम्ही सगळे त्या उन्हाकडे बघत होतो. गोदामायनी सतरंजीचं टोक हातात धरून ठेवलं होतं. मला राहवेना. मी चपला काढल्या.

"थांब!" सर स्टुलावरून ओरडले. "वही घे. तुझा प्रबंध जमा व्हायचाय."

"सर, पण—"

"निरीक्षक काठावर असतो. किती वेळा सांगायचं?"

मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. मी चपला घातल्या, भिंतीला टेकले, वही उघडली. डोळ्यात पाणी आलं होतं, म्हणून खालीच बघत होते. लाकूड खटकन वाजलं. वर पाहिलं तर स्टूल घडी करून भिंतीला लावलेलं, माझ्याच शेजारी, आणि सर सतरंजीवर मांडी घालून बसलेले. गोदामायनी टोपली त्यांच्यापुढे सरकवली.

सरांची मूठ सगळ्यांच्या आधी साफ झाली. एकेक सरकी अंगठ्यानं अशी टपटप बाहेर पडत होती की बाकीचे तिघं आपापली मूठ विसरून बघत राहिले. गोदामायनी सरांचा कापूस उजेडात धरून पाहिला आणि उशीत भरला.

येताना सर एसटीत नेहमीसारखेच होते. संदर्भसूचीत मी दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकवल्याबद्दल दर्यापूरपर्यंत बोलले. मग अचानक म्हणाले, "आजची उपस्थिती?"

"पाच, सर."

"मग पाच लिही."

* * *

व्हायवाला बाहेरच्या परीक्षक मॅडम आल्या. मोठ्या नावाच्या, कडक. प्रबंधाचं पानन्‌पान वाचलेलं, खुणांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दीड तास झाला, सगळं ठीक चाललं होतं. सर माझ्या बाजूला बसून चष्मा पुसत होते.

मॅडमनी शेवटची चिठ्ठी उघडली. "हा शेवटचा तक्ता. तुम्ही लिहिलंय की या आठवड्यात पाच सदस्यांपैकी एक दवाखान्यात होते. म्हणजे उरले चार. उपस्थिती मात्र पाच. ही टायपिंगची चूक आहे का?"

"नाही, मॅडम," मी म्हटलं.

"मग पाचवं कोण होतं? नाव नाही, वय नाही, नोंद नाही. मला नाव सांगा. नाहीतर हा आकडा मी मान्य करू शकत नाही, आणि मग सगळ्या तक्त्याचाच प्रश्न येतो."

मी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा डोळ्यावर चढवला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मी विभागात त्यांच्या तोंडून आजवर कधीच ऐकली नव्हती त्या बोलीत म्हणाले,

"कोन बसलं थे सांगत नसतेत, मॅडम. किती बसले थे सांगतेत."