भादरलेली म्हैस घेऊन शिरपूर ते इंझोरी

मी गुजरातेत एका बंदरावर मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधे कामाला आहे. आत अंगात दोन स्वेटर, वर जाकीट. बाहेर आलं की बनियान. एका जागी फार दिवस काढले की मला करमत नाही, म्हणून बाबांचा फोन आला तेव्हा काम काय ते ऐकायच्या आधीच हो म्हणालो.

काम म्हशीचं निघालं. माझी मोठी बहीण रेखाताई इंझोरीला दिली आहे. तिला स्वतःचा दुधाचा धंदा करायचा होता, आणि सासरी दुभतं जनावर नव्हतं. बाबा आपली गाभण म्हैस तिला देणार होते. ती शिरपूरहून धडधाकट पोचवायची, एवढंच.

अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे मालेगावची एसटी. सकाळची गाडी असेल तर उजवीकडे बसा, ऊन डावीकडून येतं. मेडशीच्या बाजूला जंगल आहे. उन्हाळ्यात त्यात नुसत्या काड्या दिसतात, तरी बघा. मालेगावहून शिरपूरला गाड्या मिळतात. देवळाला येणाऱ्या लोकांमुळे जागा मिळेलच असं नाही.

आमच्याकडे लेकीच्या घरी जनावर पाठवायचं तर नटवून पाठवतात. बाबांनी म्हैस भादरली, म्हणजे वस्तऱ्यानं अंगावरचे सगळे केस काढले. मी तिच्या अंगावरचा वाळलेला गाळ घासून धुतला, तेल चोपडलं. म्हैस अशी चमकली की बाबांना तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं असावं, कारण त्यांनी मिशी नीट केली.

पिकअपवाला गजू माझ्या बरोबरीचा. भाडं आधीच ठरवून घ्या, रस्त्यात हे लोक बदलतात. निघायला सकाळ ठरली होती. गजू जेवून आला. दुपार झाली.

शेलूबाजारला तो भजे खायला थांबला. (भजे घ्याल तर कढीसोबत घ्या.) मी मागं पाहिलं तर म्हशीनं जीभ बाहेर काढलेली, तोंडाला फेस. पाठीला हात लावला आणि चटका बसला तसा काढून घेतला.

"गजू, म्हैस धापा टाकून राह्यली."

"मंग? इतकी गुळगुळीत करून उन्हात काहून आनली बे?"

"बाबानं भादरली."

"बाबालेच बसवायचं होतं मंग गाडीच्या डाल्यात. टोपी काढून."

भजेवाली बाई कढईवरून ओरडली, "पानी टाक ना तिच्यावर, पाहून काय राह्यला!" बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "गार पानी टाकू नोको, गाभन हाय थे." दुसरा म्हणाला, "ताक पाज." ताक त्यानं स्वतःच मागवलं आणि पिऊन टाकलं.

पलीकडे बाभळीखाली मेंढरं उभी होती. अंगावर एवढी लोकर, तरी आरामात, एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून. मला आधी त्यांची कीव आली. मग कळलं की लोकर थंडी अडवते तशी ऊनही अडवते. कोंबडीची पिसं तसंच करतात, आत हवा धरून ठेवतात. म्हशीला यातलं काही नाही. केस मुळात विरळ, कातडी काळी, घाम नावापुरता. तिचं पांघरूण म्हणजे गाळ. ते मी साबणानं धुऊन काढलं होतं, आणि वरून तेल लावलं होतं.

फळी लावून मी दोर सोडला. म्हशीनं कोणाचा सल्ला घेतला नाही. बाजूला ट्रॅक्टर धुवायची जागा होती, तिथल्या चिखलात जाऊन बसली. मी चपला काढून मागं गेलो आणि दोन्ही हातांनी तिला लिंपायला लागलो. पाठ, मान, पोट. तिचा श्वास काही केल्या उतरेना. ताईला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो, आणि पोटाला चिखल लावताना आतून एक लाथ बसली.

"हाय!" मी ओरडलो.

"कोन हाय?" गजू म्हणाला.

हळूहळू धाप उतरली, पण मग म्हैस उठायला तयार नव्हती. ऊन उतरल्यावर ओली पोती पाठीवर टाकून निघालो. रस्ता चांगला आहे.

इंझोरीला ताईची सासू आरतीचं ताट घेऊन दारात उभी. चिखलाचा तो डोंगर गाडीतून उतरताना तिनं पाहिला, मग मला पाहिलं. आम्ही दोघं एकाच रंगाचे होतो.

"कुकू कोठी लावू?" ती म्हणाली.

ताईनं म्हशीच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "जित्ती आनली ना," ती म्हणाली, "राहू दे चिखल."

परत कामावर आलो. क्रेटमधली मासळी रोजचीच. पण आता खवल्यांवरचा बुळबुळीतपणा हाताला लागला की नाक मुरडत नाही. खवले आणि वरचा तो चिकटा मिळून तिचं पाण्यातलं कातडं आहे. प्रत्येकाला काहीतरी घालून पाठवलंय. मला दोन स्वेटर कंपनीनं दिलेत.

काही दिवसांनी ताईचा व्हिडिओ कॉल आला. म्हैस व्यायली होती, आणि वगार, म्हणजे मादी रेडकू, आठवड्याची झाली होती. म्हशीची पाठ अजून खरबरीत, पण वगारीच्या अंगभर भुरे, दाट केस. मागं सासू दुधाची कॅन उचलून डेरीकडे निघालेली दिसली. ताईनं मोबाइल खुंट्याला टेकवला. मला नुसती वगार दिसत राहिली, आणि ताईचा आवाज ऐकू आला.

"माय, थे ठेवा खाली. म्हैस माही हाय, डेरीवर मीच जातो."

कॅन खाली ठेवल्याचा आवाज आला.