एकच टेबल, कोपऱ्यातलं चालेल

दुकानात जे जे मिळतं ते ते घरी करता येतं आणि घरी केलेलंच जास्त चांगलं होतं, यावर माझ्या थोरल्या वहिनींचा जेवढा विश्वास आहे, तेवढा माझा कशावरच नाही. काजळ, पर्स, पायपुसणं, नवऱ्याचा पायजमा, या सगळ्या गोष्टी त्यांच्या मते दुकानदारांनी आळशी बायकांसाठी काढल्या. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट पालथं घालून त्या काजळ धरायच्या. संत्र्याच्या साली पत्र्यावर वाळत घालायच्या. जुन्या साडीचे काठ तर गल्लीतल्या बायकांनी टाकून देण्याआधीच वहिनींकडे पोचलेले असत. मसूर, साली आणि कपूरकाचरी दळून केलेलं त्यांचं उटणं बेसनाच्या शेजारच्या डब्यात असे. एकदा घाईत डबा चुकला. दादा पहिला घास घेऊन म्हणाला, "आज पिठल्याला देवळाचा वास कसा काय यायलाय?" वहिनींनी डब्यात डोकावून पाहिलं आणि जराही न गडबडता म्हणाल्या, "तोंडाला लावा म्हणलं तर ऐकत न्हाईत. आता आतून उजळाल." दादानं ताट पुसून खाल्लं.

लातूर नवा नवा जिल्हा झाला तेव्हाची ही गोष्ट. साहेब आले, जीपगाड्या आल्या, साहेबांच्या बायकांबरोबर फुग्याच्या बाह्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. टँकर चार-चार दिवस फिरकायचा नाही. डोक्यावरून न्हायला पाणी कुठलं? वहिनींनी तोड काढली : डाळीचं पीठ केसांत चोळायचं आणि फणीनं झाडून टाकायचं. मळ निघे, पीठ सगळं निघत नसे. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका वीस वर्षांनी म्हाताऱ्या दिसत. शेजारचे एक गृहस्थ आठ दिवसांनी उदगीरहून आले आणि तिन्हीसांजेला दारात उभ्या असलेल्या बायकोच्या, सासूबाई समजून, पाया पडले. तिनंही आशीर्वाद देऊन टाकला.

मी तेव्हा एका नव्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. पहिल्या दिवसासाठी वहिनींनी मला शर्ट शिवला. कापड शिंप्याकडचं उरलेलं, स्वस्तात आणलेलं. पण बसला सुरेख. कचेरीत गेलो तर सगळ्या खिडक्यांना त्याच कापडाचे पडदे! शिंपी तोच होता. फाइल घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो की मी दिसेनासाच होई. साहेब एकदा मान वर करून म्हणाले, "कोण बोललं? पडदा का?" सगळी कचेरी हसली. मीही हसलो, पण ते हसणं माझ्या पोटात राहिलं.

पुढं काही दिवसांनी, मैदानावर बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार असल्याचं पत्रक निघालं. अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. उभ्या आयुष्यात कुणाकडं काही न मागितलेल्या वहिनी माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "भावजी, येकच टेबल पायजे. कोपऱ्यातलं आसलं तरी चालंल. मी केल्यालं चार अनोळखी मानसांनी हातात घिऊन बगावं, येवढंच." त्यांनी वळणदार अक्षरात अर्ज लिहून दिला. मी तो नेला आणि ड्रॉवरच्या तळाशी घातला. सगळी कचेरी त्या टेबलासमोरून जाणार, आणि पडद्याचा शर्ट कुठून आला ते सगळ्यांना कळणार, एवढंच मला दिसत होतं. घरी येऊन म्हणालो, "जागा संपल्या, वहिनी."

"हाव? आसू द्या," त्या म्हणाल्या. प्रदर्शनासाठी शिवलेल्या पिशव्या त्यांनी घडी करून ट्रंकेत ठेवल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचंच तोंड कशानं उतरलंय? बसा, डोक्याला तेल घालते."

त्यानंतर मी त्यांना कचेरीतली रद्दी आणून द्यायला लागलो. रद्दी भिजवून, मेथीचं पीठ घालून त्या लगद्याच्या टोपल्या करत. मला वाटायचं, तेवढंच प्रायश्चित्त. एकदा ड्रॉवर साफ केला आणि तीही रद्दी गठ्ठा बांधून घरी नेली. आठवड्यानं त्यांनी गेरूनं रंगवलेली एक टोपली माझ्या हातात ठेवली. "कचेरीत टेबलावर ठेवा," म्हणाल्या. मी ठेवली, लोकांनी वाखाणलीसुद्धा.

वीस वर्षं मी ते पाप कुणाला सांगितलं नाही. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसलो असताना एकदम बोलून गेलो, "वहिनी, तुमचा अर्ज मी दिलाच नव्हता."

"ठाऊक हाय की."

"कसं?"

"रद्दीत तुमीच आनून दिलाव की हो! माझं अक्षर मला कळत न्हाई का? लई मऊ भिजला. सरकारी कागद चांगला आसतोय."

मी हातातली करंजी परत ताटात ठेवली. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"नवी नोकरी व्हती तुमची. कचेरीत तुमाला हासनारे काय कमी व्हते?" त्यांनी माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. मग म्हणाल्या, "पर खोटं कशाला बोलू? दोन दिस सुई हातात धरली न्हाई."

आता वहिनींना बारीक दिसत नाही. दर रविवारी मी जातो, आठवड्यासाठी सात सुया ओवून देतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला ओळीनं टोचून ठेवतो. कधी कधी पुढच्या रविवारी त्या सातही तशाच असतात. दोरे जुने झाले म्हणतो, काढतो, आणि नवे ओवत बसतो.