भाजलं कुणी?

धुलाईघरातल्या बायका तिला शेगडी म्हणत. महिन्यातले चार दिवस हॉटेलच्या चादरींना इस्त्री करता करता ती एका टॉवेलाची घडी घालायची, त्यावरून इस्त्री फिरवायची आणि चटका बसेल असा गरम टॉवेल कपड्यांच्या आत पोटाला बांधायची. घरी रबरी पिशवी होतीच. "पेटली गं शेगडी!" एखादी ओरडायची, सगळ्या खिदळायच्या आणि तीही हसायची. काय करणार? रडलं तर नाटकी, नाही रडलं तर दुखतच नाही म्हणायला सगळे मोकळे.

चौदाव्या वर्षी ती वर्गात शुद्ध हरपून पडली, तेव्हा आई म्हणाली, "लग्न झालं की थांबेल." लग्न झाल्यावर सासू म्हणाली, "मूल झालं की थांबेल." मूल झालंच नाही, आणि त्याचंही खापर तिच्याच माथी फुटलं. तीन डॉक्टर झाले. सोनोग्राफी दरवेळी स्वच्छ. एकानं तर ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाला, "मन रमवा कशात तरी." मेल्या, पोट दुखतंय, मन नाही!

नवरा एका गुदामात आलेला माल तपासायच्या कामावर होता. पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "झालं सुरू नाटक?" त्याला मात्र तिनं माफ करून टाकलं होतं. बिचाऱ्याला दिसतच नाही, तर कळणार कसं? या एका समजुतीवर तिनं अकरा वर्षं संसार रेटला. तिला फार काही नको होतं. कुणीतरी एकदा म्हणावं, हो बाई, दुखतंय तुला, एवढंच.

एके दुपारी ती इस्त्रीच्या टेबलापाशीच कोसळली. मुकादमबाईनं तिला दवाखान्यात नेलं, नवऱ्याला बोलावून घेतलं. तपासायला नवीन डॉक्टरीण होती. तिनं कपडे वर केले आणि तिचा हात थांबला. बेंबीखाली सगळीकडे तपकिरी डागांची जाळी पसरली होती.

"कुणी भाजलं तुम्हाला?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्या पोटाकडे नीट बघून काही विचारत होतं. तिला हुंदका फुटला आणि ती ढसाढसा रडायलाच लागली. डॉक्टरणीनं भलताच अर्थ काढला. ताडकन पडद्याबाहेर गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "खरं सांगा, नाहीतर पोलिसांना कळवावं लागेल."

त्याची पाचावर धारण बसली. "अहो मॅडम, आईशपथ मी नाही! तीच लावते गरम पिशवी. पहिल्या दिवशी पहाटे उठून बाथरूमची कडी लावते आणि नळ सोडते, कण्हलेलं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी उलट्या. संडासला जाताना तोंडात टॉवेल कोंबते. चौथ्या दिवशी भिंत धरून चालते. एरवीसुद्धा मी जवळ गेलो की दात आवळून पडून राहते. अकरा वर्षं बघतोय मी. खरंच मॅडम, फार दुखतं हो तिला!"

पडद्याआड तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

डॉक्टरणीचा आवाज नरमला. "एंडोमेट्रिओसिस असावा. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर. पाळीत तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. आतले अवयव एकमेकांना चिकटत जातात. मूल न होण्यामागेही हे असू शकतं. सोनोग्राफीत नेहमी दिसेलच असं नाही, दुर्बिणीनं बघू. तुम्ही लक्षणं मात्र अगदी नेमकी सांगितलीत. हे आधीच कुणी सांगितलं असतं तर..."

बाहेर पडल्यावर त्याला हुशारी आली. "बघितलंस? मी बोललो म्हणून कळलं त्यांना."

"नळाचं माहीत होतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय? कान आहेत मला."

घरी आल्यावर त्यानं आपणहून पिशवी गरम पाण्यानं भरून आणली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. तिनं ती हातात घेतली नाही. बाथरूममध्ये गेली, दार सताड उघडं ठेवलं आणि पोट धरून मोठमोठ्यानं कण्हत बसली. नळ तिनं सोडला नाही.